चर्चमध्ये मन मोकळं होतं, घरी नाही

प्रश्न: लग्नाला बरीच वर्षं झाली, मिस्टर चांगलेत, दारू नाही मारहाण नाही, पगार हातात देतात, पण प्रेमाचा एक शब्द नाही, जेवताना मोबाईल आणि मग पाठ करून झोपायचं. रविवारी उपासनेत गाणं सुरू झालं की रडू येतं आणि बरं वाटतं. रोमान्स हवासा वाटणं पाप आहे का?
– एक बहीण, अहिल्यानगर

उत्तर: ताई, अजिबात नाही. गीतरत्न हे प्रेमगीतांचं पुस्तक बायबलमध्येच आहे ना, त्यात दोघं एकमेकांचं किती कौतुक करतात बघा! आणि बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाच्या 29व्या अध्यायातली लेआ वाचा, याकोबाच्या दोन बायकांपैकी ती एक, पण त्याचा जीव दुसरीवर, राहेलवर, लेआला एकेक मुलगा होत गेला तसं वाटायचं की आतातरी नवरा माझा होईल, चौथ्या यहूदाच्या वेळी मात्र ती म्हणाली, आता मी परमेश्वराची स्तुती करीन. तिचं दुःख देवाने आधीच पाहिलं होतं. तुमचं रडू मला त्यातलंच वाटतं, दाबू नका.

पण गप्प सोसणं म्हणजेच विश्वास असं कोणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. बायबलमधल्या 1 करिंथ या पत्राच्या 7व्या अध्यायात प्रेषित पौलाने नवऱ्यालाही बायकोचा हक्क द्यायला सांगितलंय. मिस्टरांना स्पष्ट सांगा, तक्रार म्हणून नाही, मला तुम्ही हवे आहात म्हणून. त्यांना जमत नसेल तर चर्चच्या पाळकसाहेबांकडे दोघं मिळून जा.