जुन्या मारुती ८०० ची पेट्रोलची टाकी गंजून गळत असेल, तर ती दुरुस्त करावी की बदलावी?
टाकी बदलणेच योग्य. तोपर्यंत गाडी चालू न करता ढकलत मोकळ्या हवेत न्यावी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद गॅरेजमध्ये ती जमिनीलगत साचून राहते. साबण किंवा एम-सील लावल्याने गळती तात्पुरती थांबते खरी. परंतु पत्रा बहुधा तळाशी साचलेल्या पाण्यामुळे आतूनच गंजलेला असतो आणि एक भोक बुजवले की शेजारी दुसरे पडते. टाकी रिकामी आहे म्हणून ती वेल्डिंगला देणे हा तर त्याहून मोठा धोका आहे, कारण आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. नवी टाकी बसवताना फिल्टर आणि रबरी नळ्याही बदलाव्यात, अन्यथा जुना गंज पुढे कार्ब्युरेटरमध्ये जाऊन अडकेल.