ओठ बधिर, संमतिपत्र इंग्रजीत आणि दवाखाना सीमेपलीकडे

निपाणीजवळच्या एका गावातून एका मुलाने आईबद्दल लिहिलं आहे. आई 61 वर्षांची. जन्मभर विड्या वळल्या, मिशरीची सवय आहे, आठ वर्षांपासून साखर आहे. खालच्या जबड्यातल्या उजवीकडच्या दोन दाढा गेल्या होत्या म्हणून कोल्हापूरच्या एका दवाखान्यात 1,10,000 रुपये देऊन दोन इम्प्लांट बसवून घेतले. ‘लाइफटाइम गॅरंटी’ छापलेलं कार्ड मिळालं. पावती 60,000 ची, बाकीचे रोख. त्या दिवसापासून आईचा खालचा ओठ आणि हनुवटी उजव्या बाजूने बधिर आहे, चहा ओघळला तरी तिला कळत नाही. पाच महिन्यांनी एक इम्प्लांट हलायला लागलं आणि निघून आलं. डॉक्टर म्हणतात, साखर आणि मिशरीमुळे झालं. आता ते 30,000 परत द्यायला तयार आहेत, पण ‘माझी कसलीही तक्रार नाही’ असं आईकडून लिहून हवं आहे. वर असंही सांगितलं की तुम्ही कर्नाटकातले, तुमची केस कोल्हापुरात चालणार नाही. या सगळ्याला चौदा महिने झाले. सही करावी का, आणि नाही केली तर जायचं कुठे, असे दोन प्रश्न आहेत.

सही करू नका. निदान आत्ता नाही. 30,000 ही रक्कम पडलेल्या इम्प्लांटची आहे, आणि त्या कागदावर तुम्ही बधिर ओठाचा हक्कही सोडून देणार आहात. डॉक्टर पैसे देतच असतील तर ‘झालेल्या खर्चापोटी मिळाले, बाकीचे हक्क राखून’ असं लिहून घ्या. यावर ते नाही म्हणाले, तर त्यांना कशाची काळजी वाटते ते तुम्हाला समजलंच.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत आणि पहिल्यांदा त्या सुट्या करायला हव्यात. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. बहुतेक इम्प्लांट धरतात, काही धरत नाहीत, आणि तंबाखू व ताब्यात नसलेली साखर ही न धरण्याची ओळखीची कारणं आहेत. त्यामुळे ‘निघालं म्हणजे डॉक्टरचा निष्काळजीपणा’ एवढ्यावर ग्राहक आयोगापुढे केस उभी राहत नाही. उपचाराला यश आलं नाही म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

साखरेचा मुद्दा मात्र दुधारी आहे. आईला साखर आहे, मिशरी आहे, हे डॉक्टरांनी आधी विचारलं होतं का? तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घेतली होती का? केली असेल तर तो रिपोर्ट त्यांच्याकडे असेल. केली नसेल, तर आज ते जे कारण पुढे करतात तेच त्यांनी सर्जरीआधी बघायला हवं होतं. विडी कामगार बाईच्या तोंडात तंबाखू असू शकते, हे निपाणीपासून चाळीस किलोमीटरवर बसलेल्या दंतवैद्याला कुणी सांगावं लागत नाही.

खरी भक्कम बाजू आहे ती ओठाची. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यातून ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी नस जाते. मागच्या दाढांच्या जागी स्क्रू बसवताना त्या नळीपासून साधारण 2 मिलिमीटर अंतर राखावं, असा या शास्त्रातला नेहमीचा दंडक आहे. ते अंतर नीट मोजायचं तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा तिन्ही बाजूंनी दिसणारा स्कॅन, हवा. साध्या सपाट एक्स-रेमध्ये हाडाची जाडी दिसत नाही. सर्जरीआधी आईचा असा स्कॅन काढला होता का, हा तुमच्या केसमधला पहिला प्रश्न. दुसरा असा, की सर्जरीनंतर लगेच बधिरपणा सांगितल्यावर त्यांनी काय केलं? स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो जितका लवकर काढावा किंवा मागे घ्यावा तितकी नस सुधारण्याची आशा जास्त. चौदा महिने नुसतं ‘होईल बरं’ ऐकत बसणं हे तुमच्या आईचं मोठं नुकसान आहे, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

आता संमतिपत्र. तुम्ही लिहिता की तो फॉर्म इंग्रजीत होता आणि चौथीपर्यंत मराठी शिकलेल्या आईने त्यावर सही केली. सही केली म्हणून सगळं संपलं, असं मानू नका. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती खरी असायला हवी: उपचार काय, तो कशासाठी, दुसरा पर्याय कोणता, मोठे धोके कोणते, हे रुग्णाला कळेल इतकं सांगितलेलं हवं. क्वचित घडणाऱ्या दूरच्या धोक्यांची यादी वाचून दाखवायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. पण खालच्या मागच्या दाढांच्या इम्प्लांटमध्ये ओठ बधिर होणं हा दूरचा नाही, पुस्तकातला धोका आहे. तो मराठीत कुणी सांगितला का? ब्रिज करता येईल, काढता-घालता येणारी कवळी स्वस्तात होईल, हे सांगितलं का? आपण सीमाभागातले लोक भाषेसाठी काय काय सोसून बसलो आहोत. ज्या कागदावर आईच्या जबड्याला भोक पाडायची परवानगी आहे तो तिला वाचता येईना, ही त्याहून लहान गोष्ट नाही.

कुठे जायचं, याबाबत डॉक्टरांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं. दवाखाना कोल्हापुरात, उपचार कोल्हापुरात, म्हणून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाला अधिकार आहे. तक्रारदार कुठल्या राज्यात राहतो याने तिथे फरक पडत नाही. शिवाय 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे बेळगावचा आयोगही तुम्हाला खुला आहे. खानापूरचा किंवा बेळगाव तालुक्यातला कुणी असता तर मी बेळगावच सांगितलं असतं. तुम्हाला मात्र कोल्हापूर सुचवतो. निपाणीहून ते जवळ आहे. आणि तिथे तक्रार मराठीत लिहिता येईल, आईचं शपथपत्र तिच्याच शब्दांत जाईल. बेळगावात कामकाज कन्नड किंवा इंग्रजीत, मराठी कागदांचं भाषांतर जोडायचं, आणि आईची तोंडी हकीकत दुसऱ्या भाषेत जाताना तिचा जोर कमी होतो. हे मी बेळगावचा वकील असून सांगतो आहे.

मुदत दोन वर्षांची आहे. ती इम्प्लांट निघालं तेव्हापासून मोजायची की सर्जरीपासून, यावर वाद घालता येईल, पण घालू नका. सर्जरीच्या तारखेपासून मोजा आणि त्याच्या आत दाखल करा, म्हणजे तुमच्या हातात दहाच महिने आहेत. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी नाही. तक्रार आईच्या नावाने करा. पैसे तुम्ही दिले तरी उपचार तिने घेतला, ती ग्राहकच आहे. तुम्ही तिचं अधिकारपत्र घेऊन उभे राहू शकता.

रोखीच्या 50,000 ची पावती नाही म्हणून खचू नका. सेवा देऊन पावती न देणं हीच 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँकेतून त्या सुमारास काढलेली रक्कम, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला आकडा, कुणाकडून उसने घेतले असतील तर त्याचं शपथपत्र, असं जे असेल ते काढून ठेवा. ‘लाइफटाइम गॅरंटी’चं कार्डही जपून ठेवा, आणि ती गॅरंटी नेमकी कशाची, स्क्रूची की उपचाराची, ते त्यावर काय छापलंय ते बघा. निघालेला स्क्रू घरात असेल तर डबीत घालून ठेवा. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो रुग्णाच्या कागदांत चिकटवायचा असतो. सांगितलेल्या कंपनीचा स्क्रू न बसवता दुसराच बसवला असेल तर ते त्या स्टिकरवरूनच उघड होतं.

म्हणून डॉक्टरांना आधी साधं पत्र द्या, नोटीस नको. केसपेपर, सर्जरीआधीचे व नंतरचे एक्स-रे किंवा स्कॅन, संमतिपत्र आणि इम्प्लांटचा स्टिकर यांच्या प्रती मागा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. नोटीस गेली की कागद हळूहळू ‘सापडेनासे’ होतात, असा माझा अनुभव आहे.

त्याच वेळी आईला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि हे केससाठी नव्हे, आईसाठी करा. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या तोंड व जबडा शस्त्रक्रिया विभागात राहिलेल्या इम्प्लांटचा सीबीसीटी करून घ्या, नळीपासूनचं अंतर लेखी मागा, आणि ओठाची जाणीव किती गेली त्याची तपासणी करून नोंद घ्या. तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये लागतंच असं नाही, हे 2010 च्या व्ही. किशन राव निकालात आहे. पण दातांच्या केसमध्ये लेखी मत जोडलेली तक्रार आणि नुसती तक्रार यात फार अंतर पडतं.

पोलिसात जायचा विचार असेल तर सोडा. डॉक्टरवर फौजदारी चालवायला अत्यंत गंभीर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, असं 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात ठरलेलं आहे. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे अर्ज करता येईल, पण तिथे शिस्तीची कारवाई होते, भरपाई मिळत नाही. आयोगाकडे मात्र दिलेले पैसे, पुढच्या उपचाराचा खर्च, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. रक्कम पटेल अशी मागा. लाखोंचा फुगवलेला आकडा घातला की खरी गोष्टही खोटी वाटायला लागते.

शेवटचं काम तुमच्याशिवाय कुणी करू शकणार नाही. आईला निवांत, घरात दुसरं कुणी नसताना विचारा की मिशरीबद्दल डॉक्टरांनी विचारलं होतं का आणि तिने काय उत्तर दिलं. लाजेने नाही म्हणाली असेल तर तेही मला कळवा. उलटतपासणीत ते बाहेर येण्यापेक्षा आपल्या शपथपत्रात आधीच असलेलं बरं.