ईस्ट बंगालच्या नव्या पाठीराख्यास

आपण ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या फुटबॉल संघाची बाजू घेतली हे वाचून आनंद झाला. मात्र इंडियन सुपर लीग या देशातील प्रमुख फुटबॉल स्पर्धेच्या गुणतक्त्यापासून सुरुवात करू नका, कारण तिथल्या आपल्या संघाच्या पहिल्या म्हणजे २०२०-२१ च्या हंगामात नववा, दुसऱ्यात अकरावा म्हणजे तळाचा आणि त्यानंतर पुन्हा नववा क्रमांक पाहून कुणाचाही उत्साह मावळेल.

आधी या संघामागे लोक का उभे राहिले, ते समजून घ्या. १९२० साली कोलकात्यात स्थापन झालेला हा क्लब फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांचा आधार झाला. घर, शेत आणि नदी मागे ठेवून आलेल्यांना लाल-सोनेरी रंगांत आपले गाव दिसे, आणि मोहन बागान या शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी संघाला हरवले की घरोघरी इलिश मासा शिजे. त्यांच्या नातवंडांना ही निष्ठा वारशाने मिळते. आपल्याला ती सवयीने कमवावी लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

नवखे लोक दोन चुका हमखास करतात:

- केवळ मोहन बागानविरुद्धचा सामना पाहणे. एरवीचे रटाळ सामने पाहिल्याशिवाय खेळाडू ओळखीचे होत नाहीत.
- तीन पराभवांनंतर प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची मागणी करणे. (मीही ती केली आहे, आणि एकदाच नव्हे.)

जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला ओडिशा एफसी संघाला जादा वेळेत ३-२ असे हरवून संघाने सुपर कप जिंकला आणि राष्ट्रीय करंडकाची बारा वर्षांची प्रतीक्षा संपवली. तो सामना मिळाल्यास पूर्ण पाहा, केवळ गोल नकोत. डावपेचांचा अभ्यास सध्या राहू द्या.