राउटरच्या प्रत्येक इंटरफेससमोर वेगळा मॅक पत्ता का दिसतो?

सिस्को कंपनीच्या राउटरवर (वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणावर) 'शो इंटरफेसेस' ही आज्ञा दिल्यावर प्रत्येक इथरनेट इंटरफेससमोर, म्हणजे स्थानिक नेटवर्कशी जोडणाऱ्या पोर्टसमोर, वेगळा मॅक पत्ता (नेटवर्कवर त्या पोर्टची ओळख पटवणारा हार्डवेअर पत्ता) दिसतो, हा दोष नव्हे. प्रत्येक पोर्ट सहसा स्वतंत्र नेटवर्कशी जोडलेले असल्याने त्या नेटवर्कवर त्याला स्वतःची ओळख लागते. हा पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे १२ षोडशमान अंकांचा (० ते ९ आणि ए ते एफ) असून त्यातील पहिले २४ बिट बहुधा आयईईई या संस्थेने उत्पादकाला नेमून दिलेले असतात. त्याच ओळीत 'बीआयए' या अक्षरांपुढे कारखान्यात नोंदवलेला मूळ पत्ता असतो. दोन्ही पत्ते जुळत नसतील, तर सहसा कोणीतरी कॉन्फिगरेशनमध्ये पत्ता बदललेला असतो, आणि माझ्या मते तपासणीची सुरुवात नेमकी तिथूनच करावी. सिरियल इंटरफेसला (सहसा दूरच्या थेट जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या, इथरनेट नसलेल्या पोर्टला) मॅक पत्ता नसतो, त्यामुळे तिथे तो शोधत बसू नये.