शुगो म्हणजे जपानचे सुभेदारच ना? आणि तेच पुढे डायम्यो, म्हणजे आपापल्या मुलखाचे मालक सरदार, झाले का?

सुरुवातीचा शुगो सुभेदार कसला, फौजदार म्हणा. ११८५ ला योरितोमोने (हा पुढे शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी राज्यकर्ता, झाला) आपल्या भावाला, योशित्सुनेला पकडायचं निमित्त काढून सम्राटाच्या दरबाराकडून प्रांतोप्रांती शुगो नेमायची परवानगी मिळवली. क्योतोच्या पहाऱ्याला सामुराई लावायचे, बंडखोर आणि खुनी धरायचे, एवढंच काम. पैसा आला पुढच्या, आशिकागा घराण्यातल्या शोगुनांच्या काळात. १३५२ ला ओमी, मिनो, ओवारी या तीन प्रांतांत फौजेच्या खर्चासाठी देवळं-दरबाऱ्यांच्या जमिनींचं अर्धं उत्पन्न घ्यायची मुभा शुगोंना मिळाली, तीही म्हणे एका वर्षापुरती. सवय लागल्यावर कोण सोडतंय! यामाना या शुगो घराण्याकडे तर एका वेळी जपानच्या ६६ पैकी ११ प्रांत होते.

पण "शुगोच डायम्यो झाले" हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. मी नागोयात नोकरीला असताना बाबा आले होते, त्यांना कियोसूचा किल्ला दाखवायला नेलं (आत्ताचा १९८९ चा सिमेंटचा आहे, फार अपेक्षा ठेवू नका). हा भाग म्हणजे जुना ओवारी प्रांत. ओवारीचे शुगो शिबा, पण शोगुनच्या नजरेसमोर राहायचं म्हणून मुक्काम क्योतोत, आणि इकडे वसुली, भांडणं, माणसं सगळं त्यांचे नायब ओदा बघायचे, ज्यांना शुगोदाई म्हणतात. पुढे शिबा गावी परतले तोवर त्यांचं नुसतं नाव उरलं होतं. १५५४ ला शुगोचा पोरगा चांगली चांगली माणसं घेऊन नदीवर मासे धरायला गेला आणि मागे शुगोदाईने बापाला मारलं. पोरगा पळाला नोबुनागाकडे, तो ओदांच्याच धाकट्या पातीचा. त्याने शुगोदाईला संपवलं आणि काही वर्षांनी या पोरालाही हाकलून दिलं.

बाबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे आपल्या आजोबांसारखंच की रे."

आजोबा गिरगावात नोकरीला, जमीन कोकणात कुळाकडे. वर्षातून एकदा शिमग्याला जायचे, खंडाचं भात मोजून परत. कूळकायद्यात जमीन गेली. माझा चुलतभाऊ आजही फॅमिली ग्रुपवर "आपल्याला लुबाडलं" म्हणून टाकत असतो. अरे लुबाडलं काय, नांगर कोण धरत होतं? तुमची गावाला जमीन असेल आणि तुम्ही पुण्या-मुंबईत बसून असाल तर आधी जाऊन राहा, मग हक्काचं बोला.

हां, सगळेच शुगो बुडाले नाहीत हे सांगायला हवं. सात्सुमाचे शिमाझु, काईचे ताकेदा हे शुगो होते आणि डायम्योही झाले. पण क्युशु आणि पूर्वेकडच्यांना क्योतोत राहायची सक्ती नव्हती, शिमाझु तर आपल्या गावातच होते. म्हणजे तेही माझ्याच बाजूचं झालं.