कंपनीतला फायरमन महापालिकेत लागला तर आधीच्या पीएफ-पेन्शनचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की तळोज्याच्या केमिकल कंपनीत ठेकेदारामार्फत सहा वर्षं फायरमन होतो, पीएफ कापला जायचा, आता महापालिकेच्या अग्निशमन दलात परमनंट लागलोय, तर तो पैसा बुडणार का? आधी अभिनंदन भाऊ! आणि पैसा बुडत नाही. मीही कंपनीतूनच महापालिकेत आलो, आता स्टेशनला नवीन जॉईन झालेली पोरं मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडून हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फायरमनच्या पेन्शनसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, जे संरक्षण आहे ते सगळ्या नोकरदारांचंच. तुमचे 12 टक्के आणि कंपनीच्या 12 मधले 3.67 टक्के पीएफ खात्यात जातात, उरलेले 8.33 टक्के 1995 च्या पेन्शन योजनेत म्हणजे ईपीएसमध्ये, पण तेही 15,000 पगार धरून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये. मध्ये ठेकेदार बदलले असतील तर यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) एकच ठेवून जुनी खाती ऑनलाइन ट्रान्सफर करून घ्या. ट्रान्सफर झालं की पासबुकात पेन्शनच्या कॉलमला शून्य दिसतं आणि पोरं हादरतात. तिथे पैसा सरकतच नाही, फक्त सर्व्हिसची वर्षं जोडली जातात, आणि ईपीएसची पेन्शन ती वर्षं आणि पगार यांवर ठरते, त्या कॉलमच्या रकमेवर नाही.

खरी अडचण पुढे आहे. महापालिकेत बहुतेक तुम्हाला एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना लागेल, तिचा प्राण नंबर (खाते क्रमांक) मिळेल, आणि ईपीएसची सहा वर्षं तिकडे धरली जात नाहीत. ईपीएसची पेन्शन मिळायला 10 वर्षं लागतात. मला हे मनापासून खटकतं. पाठीवर बीए सेट (श्वासासाठी हवेचा सिलिंडर) घेऊन धुरात शिरायचं काम कंपनीतही तेच आणि महापालिकेतही तेच, मग कायदा पैसा सांभाळतो आणि वर्षं का सोडून देतो? याबद्दल युनियननी बोलायला पाहिजे.

तुम्ही काय करावं तर प्रोबेशन संपून कायम होईपर्यंत काहीच काढू नका. पीएफच्या रकमेवर व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो. ईपीएसचे पैसे काढण्याऐवजी फॉर्म 10सी भरून स्कीम सर्टिफिकेट घेता येतं, उद्या परत पीएफवाल्या नोकरीत गेलात तर ती सहा वर्षं त्यात धरली जातात. कायम झालात आणि इथेच रिटायर व्हायचं पक्कं असेल तर मग काढायचा विचार करा, पण अटी बदलत असतात, त्या वेळच्या बघून घ्या.

एनपीएसचं मात्र एक चांगलं आहे, 2013 च्या पीएफआरडीए कायद्यातच नोकरी बदलली तरी खातं सोबत नेण्याची तरतूद आहे, त्यामुळे पुढे दुसऱ्या महापालिकेत गेलात तरी प्राण नंबर तोच राहतो, नवीन काढू नका.

आणि हे आजच करा. पीएफच्या पोर्टलवर तुमची जुनी नोकरी सोडल्याची तारीख पडलीय का बघा, ती नसेल तर क्लेम अडतो. ठेकेदाराने टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला टाकता येते. मग पगाराच्या स्लिपा काढून पासबुकाशी महिन्यावार जुळवा. स्लिपवर कापलेत आणि पासबुकात नाहीत असा एकही महिना सापडला तर पीएफ ऑफिसला लेखी तक्रार द्या, कापून न भरणं हा गुन्हा आहे, आणि ठेकेदार पळाला असला तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही.