मुलीनं निवडलेला ‘भलताच’ विषय

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात बी.आर्च.च्या चौथ्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत. प्रबंधासाठी तिनं ‘इस्लामी शहरांची रचना आणि स्त्रिया’ हा विषय धरलाय, पुढे नगररचनेत एम.प्लॅन. करणार म्हणते. तिथे बायका घराबाहेरच पडत नाहीत, मग अभ्यास कसला करणार? त्यापेक्षा माझ्या मेहुण्यांच्या ऑफिसात इंटिरियरची कामं शिकली तर संध्याकाळी साडेसातच्या आत घरी येईल. विजापूरला मापं घ्यायला गेली तेव्हा मला रजा काढून सोबत जावं लागलं. तिला समजवा.

उत्तर : चांगल्या मार्कांवर तुम्ही तीन शब्द खर्च केलेत, घरी कधी यावं आणि सोबत कोण असावं, यावर दोन अख्खी वाक्यं. मला काळजी वाटली ती त्या दोन वाक्यांची. बाईनं कुठल्या रस्त्यावर, किती वाजेपर्यंत, कुणाच्या सोबतीनं असावं, हाच तर तिच्या प्रबंधाचा विषय आहे. रजा काढून टेपचं दुसरं टोक धरायला गेलात तेव्हा तुम्हीही त्या प्रबंधात शिरलात, साहेब.

‘तिथे बायका बाहेर पडत नाहीत’ हे मात्र डोक्यातून काढा. तिथे म्हणजे कुठे? मोरोक्कोतल्या फेसमध्ये, कैरोत, की इराणमधल्या यझ्दमध्ये? फ्रेंच अभ्यासकांनी उत्तर आफ्रिकेतली मोजकी शहरं पाहून ‘इस्लामी शहरा’चा एकच साचा पाडला होता; शहरांच्या अभ्यासक जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८७ साली तो मोडीत काढला. स्त्री-पुरुषांच्या विभागणीनं या शहरांना आकार दिला, हे मात्र त्यांनीही मान्य केलं. तो आकार जवळून बघण्यासारखा आहे. यझ्दच्या जुन्या लाकडी दारांवर दोन कड्या असतात. जाड दांड्याची पुरुषांनी वाजवायची, गोल कडी बायकांनी. आवाजावरून आत कळायचं कोण आलंय आणि दार कुणी उघडायचं. फेसमध्ये, ट्युनिशियातल्या ट्युनिसमध्ये घरांची दारं समोरासमोर काढणं टाळत. दारातून आत शिरलं की वाट वळते, रस्त्यावरून घरातला चौक दिसत नाही. बंद बोळ म्हणजे तिथल्या घरांचं सामाईक अंगणच, बायका तिथे मोकळ्या वावरत. हम्मामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, त्यांच्या वेळा ठरलेल्या, फेसच्या गच्च्या तर त्यांच्याच. बायका बाहेर पडत होत्याच. शहरानं त्यांच्या वेळा आणि वाटा आखून दिल्या होत्या. माझ्या आजोळच्या वाड्यातही ओसरीवरून माजघर दिसत नसे, आणि तो काही कुणा सुलतानानं बांधला नव्हता.

कैरो आणि तेहरानच्या मेट्रोत आज बायकांचे वेगळे डबे आहेत. मुंबईच्या लोकलमुळे आपल्याला त्याचं नवल नाही. पण डबा वेगळा केला की बाईची सोय होते, की उरलेली गाडी पुरुषांच्या नावावर चढते? बसथांबा कुठे हवा, गल्लीतला दिवा कुठे हवा, बाजारात बायकांचं स्वच्छतागृह का नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला या प्रश्नाशी झटावंच लागतं. तुम्हाला वाटते तशी ही बिनकामाची हौस नव्हे.

परीक्षांचं म्हणाल तर गेट या प्रवेशपरीक्षेतला आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर, मग दिल्लीच्या एसपीएसारख्या (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) संस्थेत एम.प्लॅन.; सरकारी नगररचनाकाराची पदं एमपीएससीतून भरली जातात.

समजवायचंच तर तिला एवढंच सांगेन : बाळ, शीर्षकातलं ‘इस्लामी शहरं’ खोडून टाक. एकच शहर घे, त्यातला एकच मोहल्ला. फेस घेतलंस तर फ्रेंच लागेल, यझ्दला फारसी. तेवढा वेळ आणि पैसा नसेल तर आदिलशाहीची राजधानी तुझ्या दाराशी आहे. विजापुरात जामा मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीनंतर कोण कुठे बसतं, कोण थांबतं, कोण नुसतंच भरभर निघून जातं, ते आठवडाभर नकाशावर टिपत जा.

यासाठी तिला तिथे मुक्काम करावा लागेल, आणि रोज साडेसातनंतर रस्त्यावर थांबावंही लागेल. वर्गातली एखादी मैत्रीण सोबत घेऊन जाऊ द्या. तुमची रजा शिल्लक राहू दे. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.